बुटीबोरीतली समर इंटर्नशिप: एका बिलाच्या मागे लागा

एमबीए फायनान्सच्या पहिल्या वर्षानंतरचा उन्हाळा मी नागपूरजवळच्या बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काढला. आता ज्युनिअर्सचे फोन येतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, स्टायपेंड किती देतात?" कमीच देतात, काही ठिकाणी देतच नाहीत. खरा प्रश्न वेगळा आहे. पहिला आठवडाभर कोणी कामच देत नाही, तेव्हा करायचं काय?

पण आधी कागदपत्रं उरकून टाका. ऑफर लेटरवर सुरू आणि संपण्याची तारीख, विभाग आणि गाइडचं, म्हणजे कंपनीत तुमच्यावर लक्ष ठेवणाऱ्याचं, नाव असलं पाहिजे. उन्हाळी परीक्षेचा शेवटचा पेपर पक्का झाल्याशिवाय जॉइनिंगची तारीख देऊ नका. कॉलेजची एनओसी, आधार, पॅन, बँक पासबुकाची प्रत एका फोल्डरमध्ये ठेवा. किती तास भरायचे आहेत तेही कॉलेजला विचारून घ्या. यूजीसीच्या हिशेबात एका क्रेडिटला 30 तास धरतात, पण लॉगबुकाचा नमुना प्रत्येक कॉलेजचा निराळा. आणि पंतप्रधान इंटर्नशिप योजनेशी याची गल्लत नको. 2024 मध्ये ती सुरू झाली तेव्हा 12 महिन्यांची होती आणि रेग्युलर कॉलेज करणाऱ्यांसाठी नव्हतीच.

बुटीबोरी नागपूर शहरापासून साधारण 30 किलोमीटर. कंपनीची स्टाफ बस आहे का, हे मुलाखतीतच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी मानेवाड्याहून रिंगरोडनं छत्रपती चौकात येऊन बस पकडायचे. ती चुकली तर मेट्रोनं खापरीपर्यंत आणि पुढे मिळेल ते वाहन, म्हणजे अर्धी सकाळ गेलीच समजा. स्टोअरमध्ये जायचं असेल तर सँडल चालत नाही, बंद बूट लागतात. मे महिन्यात बाहेर 45 अंश आणि आत एसी फुल्ल. शेडमधलं काम अकराच्या आत उरकायचं आणि बाहेर पडताना दुपट्टा डोक्याला गुंडाळायचा. नागपूरकरांना हे काय सांगायचं म्हणा, पण पुण्याहून आलेला एक इंटर्न भर दुपारी उघड्या डोक्यानं गेटवर गेला आणि पुढचे दोन दिवस घरी झोपून होता.

आता मुद्द्याचं. इंडक्शनमध्ये एचआर एक पीपीटी दाखवतं, आयडी कार्ड देतं आणि तुम्हाला एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर नेऊन बसवतं. तुमच्या गाइडचं मंथ एंड, म्हणजे महिनाअखेरचे हिशेब, चालू असतं. "सर, काही काम आहे का?" असं रोज सकाळी विचारलंत तर दोन दिवसांनी तो तुमची नजर चुकवायला लागेल, कारण तुम्हाला शिकवण्यापेक्षा ते काम स्वतः करणं त्याला सोपं जातं. काम मागू नका. एक बिल मागा. "सर, कालच्या बिलांतलं एक घेऊन ते गेटपासून पेमेंटपर्यंत कसं जातं ते बघून येऊ का?" याला सहसा कोणी नाही म्हणत नाही. त्याचा वेळ जात नाही, आणि तुम्हाला सगळ्या विभागांत फिरायचं निमित्त मिळतं.

मी खोक्यांचं बिल घेतलं होतं, पॅकिंगची कोरुगेटेड खोकी. आधी सिक्युरिटीच्या रजिस्टरमध्ये गाडी नंबर आणि आत आल्याची वेळ पाहिली. मग स्टोअर. तिथले काका चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, "काऊन पोरी, बिल पाहाले आली का? बस. जीआरएन कसा बनते ते पाय." जीआरएन म्हणजे माल खरोखर किती उतरला त्याची नोंद. ऑर्डर 500 खोक्यांची, बिलही 500 चं, पण काकांनी मोजून 480 लिहिले होते. वीस खोकी भिजलेली, बाजूला काढून ठेवलेली. परचेस ऑर्डर, जीआरएन आणि बिल हे तीन कागद जुळल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, हे आम्ही वर्गात 'थ्री वे मॅच' म्हणून पाठ केलं होतं. पण ती भिजलेली खोकी हातात घेतल्यावरच कळलं की बिल अडतं ते इथे, अकाउंट्समधल्या कॉम्प्युटरवर नाही. अकाउंट्सला फक्त आकडा जुळत नाही एवढंच दिसतं. कारण काकांना माहीत असतं, आणि काकांना कोणी फोन करत नाही.

माझा प्रोजेक्ट त्यातूनच निघाला. अडकलेल्या बिलांची यादी सिस्टिममध्ये होतीच, त्यात 'कारण' हा रकाना नव्हता. तो मी जोडला: जीआरएन बाकी, माल कमी, दरात फरक, ऑर्डरची मुदत संपली, 2बी मध्ये दिसत नाही. शेवटचं कारण जीएसटीचं. सप्लायरनं त्याचं रिटर्न भरलं नसेल तर 14 तारखेला तयार होणाऱ्या आपल्या जीएसटीआर 2बी मध्ये, म्हणजे आपल्या खरेदीच्या बिलांच्या जीएसटी यादीत, ते बिल येत नाही, आणि कंपनीला त्या कराचं क्रेडिट घेता येत नाही. मग अकाउंट्सवाले पेमेंट दाबून ठेवतात.

असा काही रकाना तुम्ही केलात तर आणखी एक जोडा, सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग आहे का. 2006 च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे अशांचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला की व्याज. एका दुपारी हिंगण्याच्या एका फॅब्रिकेटरचा फोन चुकून माझ्या टेबलावर आला. "मॅडम, पोरांचा पगार करायचा आहे, एवढं एक बिल काढून द्या ना." मी मॅडम वगैरे काही नव्हते. पण बिल शोधलं. जीआरएन झालेलं होतं, फक्त एक सही राहिली होती. त्या दिवसापासून गाइड मला यादी मागायला लागले.

एक्सेल किती यायला हवं? पिव्होट आणि व्हीलुकअप आलं की पुरे. बाकी सगळा वेळ घाण साफ करण्यात जातो: नावापुढची स्पेस, टेक्स्ट होऊन बसलेले आकडे, एकच सप्लायर तीन स्पेलिंगनं. नावावर जुळवायच्या भानगडीत पडू नका, जीएसटी नंबरवर जुळवा. तो 15 अक्षरांचा असतो, पहिली दोन राज्याची आणि पुढची दहा पॅनची. 27 म्हणजे आपलं महाराष्ट्र, 23 मध्य प्रदेश, 22 छत्तीसगड. नागपूर दोन्ही राज्यांच्या उंबऱ्यावर असल्यानं 23 आणि 22 भरपूर दिसतील. अशा बिलावर साधारणपणे आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी, असतो. राज्यातल्या राज्यात लागणारा सीजीएसटी-एसजीएसटी दिसला तर वर विचारा.

जेवायला इतर इंटर्न्सच्या घोळक्यात बसू नका. डबा घेऊन स्टोअर आणि डिस्पॅचच्या टेबलावर जा. ऑफिसात सगळे हिंदी-इंग्रजीत बोलतात, तिथे वऱ्हाडीत खरं काय ते कळतं. त्यातलं ऐकलेलं मात्र ईमेलमध्ये कोणाच्या नावानं लिहायचं नाही. "काकांनी सांगितलं" असं एकदा लेखी गेलं की काका पुन्हा तोंड उघडणार नाहीत.

प्रोजेक्ट रिपोर्टात खरे दर आणि सप्लायरची नावं घालू नका. क, ख, ग लिहा आणि रुपयांऐवजी टक्केवारी द्या. स्क्रीनचे फोटो काढून घरी नेणं तर सोडूनच द्या, एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, तुमची सही असते. रिपोर्टचा कच्चा मसुदा इंटर्नशिप संपायच्या दोन आठवडे आधी गाइडला दाखवा, कारण तो वाचायला एक आठवडा लावतो आणि कॉन्फिडेन्शियल म्हणून दोन पानं खोडतो.

लॉगबुकावर सही दर शुक्रवारी घ्या. शेवटच्या दिवशी सगळ्या सह्या एकदम मागितल्या तर गाइड नेमका टूरवर निघालेला असतो. सर्टिफिकेटची मेल एचआरला आठवडाभर आधी करा, त्यात तुमचं नाव मार्कशीटवर आहे तसंच लिहून द्या आणि कॉलेजला गोल शिक्का लागतो की चौकोनी चालतो तेही विचारून ठेवा. रेझ्युमेत 'अकाउंट्स विभागात मदत केली' असं लिहून काही होत नाही. कोणती यादी केलीत, त्यात कुठला रकाना जोडलात, ती यादी आता कोण वापरतं, एवढं एका ओळीत लिहा. मुलाखतीत पुढची दहा मिनिटं त्यावरच जातात. आयडी कार्ड परत करताना सही-शिक्क्याची पोच घ्या, नाहीतर कार्डाच्या डिपॉझिटसाठी पुन्हा बुटीबोरीची फेरी ठरलेली.