उन्हाळ्याचं काम थंडीत करा

मे महिन्यात निवेदन घेऊन महापालिकेत गेलात तर बसायला खुर्ची मिळेल, पाणी मिळेल आणि "पुढच्या वर्षी बघू" मिळेल. पैशांची वाटणी मार्चआधी झालेली असते. म्हणून उन्हासाठी भांडायचं ते संक्रांतीच्या सुमाराला. मी नागपुरात नर्स होते, आता निवृत्त आहे आणि वस्तीत हेच काम करते.

सुरुवात यादीपासून. टिनाची घरं कोणती, एकटे म्हातारे कुठे, गरोदर बाया किती, दुपारी उन्हात कोण राबतं हे घरोघर फिरून लिहा. बीपीच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्यांपुढे खूण करा. काही गोळ्यांनी घाम कमी येतो, काहींनी अंगातलं पाणी उतरतं. (गोळी बंद करा असं मात्र कुणालाही सांगायचं नाही, ते डॉक्टरचं काम.) आशाताईंना सोबत घ्या. शहरात एका आशाकडे 200 ते 500 घरं असतात, कोण कुठल्या खोलीत झोपतं ते तिला तोंडपाठ असतं. महिला आरोग्य समिती (वस्तीतल्या बायांचा आरोग्याचं काम बघणारा गट) असेल तर तिला वर्षाला मिळणाऱ्या 5000 रुपयांतून टिनांवर चुना मारता येईल का, हा विषय बैठकीत मांडून पाहा.

दुसरी गोष्ट, भिंतीवर लावायचं साधं थर्मामीटर. टिनाच्या खोलीत रात्री दहाला आणि पहाटे पाचला आकडा वहीत टिपायचा. ही वही उन्हाळ्यात भरायची आणि जानेवारीत साहेबांच्या टेबलावर ठेवायची. कारण "उष्णतेची लाट तर जाहीरच नव्हती" हे उत्तर ठरलेलं. हवामान खात्याच्या हिशेबाने मैदानी भागात पारा 40 च्या वर आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त, किंवा थेट 45 गेला की लाट. तो पारा सोनेगावच्या वेधशाळेत, सावलीतल्या हवेशीर पेटीत मोजलेला. टिनाखाली रात्रभर तापणाऱ्या माणसाचा त्यात हिशेब नाही, आणि रात्री अंग निवलं नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन सोसत नाही.

अहमदाबादने 2010 च्या जीवघेण्या उन्हानंतर 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला, नागपूरने 2016 मध्ये. आपल्या शहराच्या आराखड्याची प्रत आरोग्य विभागात मागा. नाही दिली तर माहितीचा अधिकार: 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. "हवामान बदलासाठी काय केलं?" असं विचारलंत तर निबंध येतो. "आमच्या प्रभागात गेल्या उन्हाळ्यात पाणपोया कोणत्या जागी होत्या?" असं विचारा.

मागण्या तीनच ठेवा. बाग दुपारी उघडी, दवाखान्यात ओआरएस आणि बर्फ, आणि मजूर सकाळी उभे राहतात त्या ठिय्यावर पाणपोई. पाणपोईजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह हवंच, ते वेगळी मागणी म्हणून धरू नका. भाजी विकणारी बाई दिवसभर घोटभर पाणी पीत नाही, कारण जायला जागा नाही. अशा बाया दवाखान्यात चक्कर येऊन येतात, लघवीला जळजळ घेऊन येतात, आणि आपण त्यांना "पाणी प्या ताई" सांगतो! बैठकीत हे बोलायला पुरुष लाजतात, म्हणून तिथे एखाद्या भाजीवालीलाच बोलू द्या. मी पाहिलंय, तिच्यानंतर कुणी घड्याळाकडे बघत नाही.

निवेदनाच्या दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय जिना उतरायचा नाही. तोंडी होकार साहेबांच्या बदलीबरोबर जातो.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठिय्यावर जा. पाणपोई नसेल तर रिकाम्या जागेचा फोटो काढा, मागे आवक क्रमांक लिहा आणि त्याच टेबलावर नेऊन ठेवा. नवतपा (मे अखेरचे रणरणत्या उन्हाचे नऊ दिवस) लागायला तेव्हा अजून अडीच महिने असतात.