एनए (बिगरशेती) प्लॉट बघताय? आधी पाण्याची टाकी बघा

मुळशी-मावळात प्लॉट बघायला पावसाळ्यात जाऊ नका. हिरवळीत सगळंच झकास दिसतं. एप्रिलमध्ये जा. बोअरला पाणी किती उरलंय आणि डोंगरावरचा वणवा कुंपणापर्यंत येतो का, दोन्ही कळतं.

मग स्कीमच्या सामाईक टाकीपाशी थांबा. घरांना जाणारा पाइप अगदी तळातून काढलेला असेल, तर आंघोळी-बागेतच टाकी रिकामी होते आणि आगीसाठी थेंब उरत नाही. हा पाइप वरच्या उंचीवर हवा. खालचं पाणी फक्त आगीसाठी. त्यासाठी तळाशी वेगळा व्हॉल्व्ह आणि ६३ मिमीचं कपलिंग बसवून घ्या, अग्निशमन दलाचा होज (पाणी मारायचा पाइप) त्यालाच लागतो. एक होज मिनिटाला साधारण ४५० लिटर पाणी ओढतो, म्हणजे १०,००० लिटरचा टँकर जेमतेम २०-२२ मिनिटं पुरतो!

आग लागली की वीज बहुधा तोडतात, त्यामुळे नुसत्या विजेच्या पंपावर विसंबू नका. टाकी चढावर असेल तर उत्तम.

आणि ती हौसेची कमान? पाण्याचा भरलेला टँकर तिच्याखालून जातो का, ते एकदा बघाच. १०१ला फोन करून बंब आला नि गेटातच अडकला, तर काय उपयोग?