गाडी आधी नोंदलेली आहे का? शोधताना या चुका टाळा

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरू लागली, की ओळखीच्या एका अडत दुकानात नोंदीला रांग लागायची. गाडीचा नंबर टाकायचा, ती यादीत आधीपासून आहे का बघायचं, नसेल तर चढवायची. काम इतकंच. डेटाबेस एसक्यूलाइटचा, एकाच फाइलमधला.

आत पाहिलं तर क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात, ‘काउंट’ होता. आपल्याला हवंय ‘आहे की नाही’, आणि आपण मोजायला लावतो ‘किती’. ‘सिलेक्ट एक्झिस्ट्स’ वापरा. पहिली ओळ सापडली की ते थांबतं. पण नुसत्या तेवढ्याने भागत नाही. गाडी नवी असेल तर सापडणार काहीच नाही, म्हणजे इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी) नसताना पूर्ण टेबल शेवटपर्यंत वाचलं जाणारच. क्वेरीआधी ‘एक्सप्लेन क्वेरी प्लॅन’ लावून बघा. ‘स्कॅन’ दिसलं तर सगळं टेबल चाळलं जातंय, ‘सर्च’ दिसलं तर इंडेक्स कामी येतोय.

खरी डोकेदुखी नंबर लिहिण्याची. कुणी ‘एमएच ३१’ जागा सोडून लिहितो, कुणी जोडून, कुणी मध्ये आडवी रेघ देतो. डेटाबेससाठी या तीन वेगळ्या गाड्या. मग कोणीतरी अर्धवट जुळणी शोधायला ‘लाइक’ लावून दोन्हीकडे टक्क्याची चिन्हं टाकतो, किंवा जागा-रेघा काढायला क्वेरीतच कॉलमवर ‘रिप्लेस’ चालवतो. दोन्हीत साधा इंडेक्स निकामी होतो, आणि आपण पुन्हा रांगेत. नंबर आत जातानाच साफ करा: जागा नाही, रेघ नाही, अक्षरं सगळी मोठी. शोधतानाही तोच नियम. जुन्या नोंदी एकदाच बसून दुरुस्त कराव्या लागतात, त्याला पर्याय नाही.

‘आधी तपासा, मग भरा’ हेही धोक्याचं. काट्यावरच्या आणि काउंटरवरच्या प्रोग्रामने एकाच क्षणी विचारलं, तर दोघांनाही ‘नाही’ मिळतं आणि गाडी दोनदा चढते. त्यापेक्षा नंबराच्या कॉलमला ‘युनिक’ (एक नंबर एकदाच) आणि ‘नॉट नल’ (रिकामा चालणार नाही) करा. कारण नुसतं ‘युनिक’ रिकाम्या, म्हणजे ‘नल’ नोंदी कितीही घेतं. मग थेट ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (आधीच असेल तर काही करू नको) जोडून इन्सर्ट करा, म्हणजे नोंद भरा. ही सोय एसक्यूलाइटच्या २०१८ च्या ३.२४ आवृत्तीपासून आहे. लगेच ‘चेंजेस’, म्हणजे किती ओळी बदलल्या, ते विचारा: १ आलं तर नवी गाडी, ० आलं तर जुनीच. ‘युनिक’सोबत इंडेक्स आपोआप तयार होतो, वेगळा करू नका. मात्र आधीच्या दुहेरी नोंदी काढल्याशिवाय ‘युनिक’ लागणार नाही.

आणि सगळं नीट करूनही ‘असं टेबलच नाही’ म्हणत असेल, तर फाइलचा पत्ता तपासा. दिलेल्या जागी फाइल नसली तर एसक्यूलाइट सहसा गुपचूप नवी, रिकामी फाइल उघडतं.