ऑइल प्रेशर अचानक पडलं तर: इंजिन खोलण्याआधी काय काय बघायचं

तेलाच्या किटलीचा लाल दिवा लागला की पहिलं काम एकच, इंजिन बंद. मागे उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या असोत, नाहीतर जेसीबी आष्ट्याकडच्या काळ्या रानात चर खणत असो. "कारखाना इथंच तर आहे, एवढी खेप टाकतो" म्हणणाऱ्याचंच इंजिन खाली उतरतं. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) आणि बेअरिंगमध्ये तेलाचा थर आहे तोवरच धातूला धातू लागत नाही. प्रेशर गेलं की तो थर जातो, आणि बेअरिंग क्रँकला चिकटायला काही मिनिटं पुरतात. खरंच पडलंय का हे बघायला पुन्हा स्टार्टर मारणं हाही त्यातलाच प्रकार.

मशीन तिरकं उभं असेल तर आधी टोचन करून सपाटीवर घ्या. मोठ्या उतारावर चेंबरमधलं, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीतलं, तेल एका बाजूला जातं आणि पंपाची जाळी तेलाऐवजी हवा ओढते. दहा-पंधरा मिनिटं थांबून मग डिपस्टिक काढा.

तेल कमी दिसलं तर वाट सोपी आहे. ड्रेन प्लग, कूलरचे होज, टर्बोचा पाइप, फिल्टर, सगळीकडे हात फिरवा. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर संशय आधी फिल्टरवर. जुन्या फिल्टरचं रबर वॉशर इंजिनलाच चिकटून राहतं, त्यावरच नवा फिल्टर आवळला जातो, आणि दोन वॉशरांचा तो सांधा लोड आला की एकदम तेल ओकतो.

तेल वाढलेलं दिसलं तर मात्र सावध व्हा. लोकांना उलट हायसं वाटतं. चेंबरमध्ये तेल आपोआप वाढत नसतं, त्यात काहीतरी येऊन मिसळलेलं असतं. थेंब बोटांवर चोळा, वास घ्या. पाण्यासारखं पातळ आणि डिझेलचा वास असेल तर डिझेल पंपाचं सील, फीड पंपाचा पडदा किंवा गळणारा नोझल, यांपैकी काहीतरी आहे. दुधाळ दिसलं तर पाणी आहे: हेड गॅस्केट, लायनरच्या रिंगा किंवा ऑइल कूलर. शंका राहिली तर रात्रभर उभ्या राहिलेल्या मशीनचा ड्रेन प्लग सकाळी हळूच सैल करा. पाणी तळाशी बसतं, म्हणून आधी तेच येतं. दोन्ही प्रकारांत नुसतं तेल बदलून भागत नाही, मूळ गळती बंद करावी लागते.

पातळी बरोबर, तेलही चांगलं, तरी दिवा लागतोय? मग दिव्यावर विश्वास ठेवू नका आणि अविश्वासही दाखवू नका. सेन्सर खराब असतो, वायर घासलेली असते, सॉकेटमध्ये तेल शिरलेलं असतं. सेन्सर काढून त्याच जागी साधा काट्याचा मीटर बसवा. आटे जुळले नाहीत तर अडॅप्टर लागेल. कुपवाड-मिरजेच्या पट्ट्यात लेथवाल्याची वानवा नाही. आता फक्त काही सेकंद इंजिन चालू करायचं. दहा सेकंदांत काटा उठला नाही किंवा ठोक ऐकू आला, तर लगेच बंद. ठोक आधीपासूनच येत असेल तर ही चाचणी करूच नका.

साधारण हिशोब असा: गरम इंजिनला स्लोमध्ये एक किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) आसपास आणि पूर्ण रेसवर तीन ते पाच किलो प्रेशर. तरी तुमच्या इंजिनच्या पुस्तकातला आकडाच खरा. काटा तिथवर आला तर सेन्सर बदला आणि कामाला लागा.

काटा तिथवर आलाच नाही तर इथून पुढचं काम मिस्त्रीचं, पण ते कुठल्या क्रमाने करतात यावर लक्ष ठेवा. आधी फिल्टर कापून बघायचा. हॅक्सॉने नको, तिचाच कीस आत पडतो. फिल्टर कटर वापरा. आतला कागद उलगडून, तेल पिळून, उजेडात धरा. चमकणारे कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, म्हणजे गिअर, कॅम किंवा पंप. पिवळे-पांढरे कण चुंबकाला चिकटत नसतील तर बहुधा बेअरिंग किंवा बुश गेले. मग चेंबर उतरवून मेन (क्रँकची) आणि बिग एन्डची (कनेक्टिंग रॉडची) बेअरिंग बघण्याला पर्याय नाही.

फिल्टर स्वच्छ असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचं प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह, काढा. कचरा अडकून तो उघडाच राहिला तर सगळं तेल चेंबरमध्ये परत जातं. आतला पिस्टन बोटाने सहज सरकला पाहिजे, स्प्रिंग तुटलेली नको, आणि खालच्या शिम (पातळ चकत्या) जितक्या निघाल्या तितक्याच परत गेल्या पाहिजेत. मग चेंबर उतरवून जाळी: मागच्या कामात जास्त लावलेल्या सिलिकॉनचे तुकडे हमखास इथे सापडतात. सक्शन पाइपची ओ-रिंग आणि शेवटी पंपाचा गिअर-चावी.

या सगळ्यात कुणी "15-40 काढून 20-50 टाका, काटा येईल वर" असं, म्हणजे जाड ग्रेडचं तेल टाकायला, सांगेलच. काटा येतोही. बेअरिंग मात्र तशीच झिजत राहते, फक्त आता ते दिसत नाही.

काम झाल्यावर एकदम स्टार्ट करू नका. स्टॉपर ओढून डिझेल बंद ठेवा आणि दहा-दहा सेकंदांचे स्टार्टर मारा, मध्ये स्टार्टरला थोडी उसंत देऊन. मीटरचा काटा हलला की मग डिझेल सोडा. बेअरिंग गेलेलं असेल तर कूलर धुवून किंवा बदलूनच बसवा, नाहीतर त्यात राहिलेला कीस नव्या बेअरिंगमध्ये जाईल. आणि पन्नास तासांनी तेल-फिल्टर बदलताना तो फिल्टरही कापून बघा.