प्रभूच्या पुनरागमनाची तयारी: आगमनकाळात घरी काय करावे

नाताळापूर्वीच्या चार रविवारांना आगमनकाळ म्हणतात. यातील पहिल्या रविवारी उपासनेत वाचले जाणारे शुभवर्तमान गव्हाणीतल्या बाळाविषयी नसून प्रभू येशूच्या पुन्हा येण्याविषयी असते, म्हणून ही तयारी त्याच आठवड्यात सुरू करणे सोयीचे ठरते.

आरंभी तारखांचा हिशेब बाजूला ठेवावा. तो दिवस व ती घटका देवपित्याखेरीज कोणालाही ठाऊक नाही, असे बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानात (मत्तय २४:३६) स्पष्ट लिहिले आहे. तरीही अमेरिकेत विल्यम मिलर या धर्मोपदेशकांच्या अनुयायांनी प्रभूच्या येण्याचा म्हणून २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला, काहींनी तर शेतातले पीकही काढले नाही, आणि दिवस मावळल्यावर त्यांच्यावर रडण्याची वेळ आली. त्यांची उत्कंठा खरी होती, म्हणूनच त्यांची आठवण आली की मला वाईट वाटते. पहिल्या शतकात थेस्सलनीका या शहरातील ख्रिस्ती मंडळीत काम सोडून फिरणाऱ्यांना प्रेषित पौलाने पत्र लिहून शांतपणे काम करून स्वतःची भाकर खाण्यास सांगितले. आपणही नोकरी, शेती आणि मुलांचा अभ्यास नेहमीप्रमाणे चालू ठेवावा.

त्यानंतर मत्तय २५ मधील, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारींचा दाखला घरातल्या सर्वांनी मिळून सावकाश वाचावा. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपी गेल्या, शहाण्यादेखील, ही गोष्ट वाचताना सहसा निसटते. म्हणजे डोळ्यांत तेल घालून, धास्तीने रात्री जागवणे ही तयारी नव्हे. फरक पडला तो दिव्यासाठी आधीच भरून ठेवलेल्या तेलाने, आणि ते तेल ऐनवेळी शेजारणीकडून मिळाले नाही. आईची प्रार्थना मुलाच्या खात्यावर जमा होत नाही, म्हणून घरातल्या प्रत्येकाने रोज थोडा वेळ स्वतः पवित्र शास्त्र वाचावे आणि स्वतःच्या शब्दांत पापाची कबुली द्यावी.

सर्वांत जास्त वेळ मात्र बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाला द्यावा. पहिल्या व शेवटच्या पावसाची धीराने वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण तेथे आहे, आणि पावसाकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय हे आपल्याकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. पण त्याच्या अगदी आधी शेत कापणाऱ्या मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते आहे, आणि लगेच पुढे एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका, न्यायाधीश दाराशी उभा आहे, असा इशारा आहे. तेव्हा एक वही घ्यावी आणि तिच्यात कोणाचे पैसे देणे आहे, घरकाम करणाऱ्या बाईंचा पगार थकला आहे का, जमिनीच्या वाटणीवरून कोणत्या भावाशी बोलणे बंद आहे, हे नावानिशी लिहावे. हा भाग मला स्वतःला फार जड जातो. प्रार्थनेला बसणे त्यापेक्षा सोपे वाटते.

ज्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे तेथेही एकदा जावे, कारण ख्रिस्तामध्ये मेलेले प्रथम उठतील या वचनांनी एकमेकांचे सांत्वन करा, असे पौलाने सांगितले आहे.

प्रभुभोजनात, म्हणजे उपासनेत भाकर व द्राक्षारस घेताना, आपण प्रभू येईपर्यंत त्याच्या मरणाची घोषणा करतो. म्हणून प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, वही पुन्हा उघडावी, थकलेले पैसे हातात नेऊन द्यावेत आणि त्या भावाला आपणच आधी फोन करावा.