संविधानातला तर्कदोष कसा पकडावा

दोन विधाने आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष अशा तीन ओळींच्या युक्तिवादाला मराठी तर्कशास्त्रात संविधान म्हणतात. डॉ. आंबेडकरांचे जन्मगाव महू शेजारीच असल्यामुळे इंदुरात हा शब्द उच्चारला की राज्यघटनाच आठवते आणि हिंदीतून शिकलेली मुले त्याला न्यायवाक्य म्हणतात. तपासण्याची रीत मात्र तीच आहे.

प्रथम तिन्ही विधाने ‘सर्व’, ‘काही’, ‘एकही नाही’ अशा ठाशीव रूपात लिहून घ्यावीत. ‘फक्त’ आल्यास वाक्य उलटावे लागते: ‘फक्त सभासदांना प्रवेश आहे’ म्हणजे ‘प्रवेश असलेले सर्व जण सभासद आहेत’. मग दोन्ही विधानांत असलेले, पण निष्कर्षात नसलेले पद अधोरेखित करावे. हे मध्यपद.

खरे काम यापुढे आहे. मध्यपद निदान एका विधानात व्याप्त हवे, म्हणजे त्या वर्गातल्या प्रत्येकाबद्दल विधानाने काही सांगितलेले हवे. ‘सर्व’च्या विधानात उद्देश्य व्याप्त असते, ‘एकही नाही’मध्ये दोन्ही पदे, ‘काही नाहीत’मध्ये केवळ विधेय आणि ‘काही आहेत’मध्ये एकही नाही. एवढे पाठच करावे; मी केले नव्हते. आमच्याकडे नवे भाडेकरू आले आणि पहिल्याच सकाळी पोह्यांवर शेव पसरून वर जिरावन मसाला भुरभुरवताना दिसले. इंदूरचे सगळे लोक पोहे असेच खातात, तेव्हा हे इंदूरचेच, असे मी घरात ठामपणे सांगून टाकले. ते निघाले रतलामचे. मी सर्व इंदूरकरांविषयी बोललो होतो, तसे पोहे खाणाऱ्या सर्वांविषयी नव्हे. मध्यपद दोन्ही ठिकाणी होकारार्थी विधानाचे विधेय होते, म्हणून अव्याप्तच राहिले. भाडेकरू योगायोगाने इंदूरचे निघाले असते, तर ही चूक मला अजूनही उमगली नसती, कारण निष्कर्ष खरा असला की तो विधानांतून निघतो का, हे कोणी पाहतच नाही.

स्पर्धापरीक्षांच्या क्लासांत ‘वर्तुळे काढा आणि दिसेल ते उत्तर लिहा’ असे सर्रास सांगतात. हा सल्ला मला घातक वाटतो. एक आकृती म्हणजे एकच शक्यता. विधाने खरी राहून निष्कर्ष खोटा ठरेल अशी आकृती मुद्दाम शोधावी आणि ती सापडली की युक्तिवाद बाद करावा. ती सुचली नाही, तर साचा तोच ठेवून पदे बदलावीत: सर्व कावळे पक्षी आहेत, सर्व मोर पक्षी आहेत, म्हणून सर्व मोर कावळे आहेत. अवैध साचे नाकारताना अ‍ॅरिस्टॉटलनेही अशीच पदे बदलून पाहिली होती.

निष्कर्षात व्याप्त असलेले पद आपल्या विधानातही व्याप्त आहे ना, ते पाहावे. दोन्ही विधाने नकारार्थी असल्यास युक्तिवाद तिथेच बाद करावा; एकच नकारार्थी असल्यास निष्कर्षही नकारार्थी हवा. शेवटी, दोन्ही विधाने ‘सर्व’ किंवा ‘एकही नाही’ची असून निष्कर्ष ‘काही’चा असेल, तर संबंधित वर्गात निदान एक तरी वस्तू आहे ना, हे विचारावे. एकूण २५६ साच्यांपैकी १५ बिनशर्त वैध आहेत. आणखी ९ साचे या अटीवरच टिकतात.