प्रार्थना करून काही होत नाहीये असं वाटतंय? मग थोडं असं करून बघा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपास-प्रार्थनेला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, कोण उभं राहतं माहितीये ना, ज्याचं काम झालं तो. नोकरी लागली, व्हिसा आला, गाठ साधी निघाली. ज्याचं नाही झालं तो मागच्या बाकावर बसून कोरसला टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. मी बरीच वर्षं त्या बाकावर होतो, म्हणून हे सगळं मागच्या बाकावरच्यांसाठी लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. प्रार्थना "वर्क" करते का हे लोकांनी खरंच मोजून बघितलंय. अमेरिकेत 2006 साली एक मोठा अभ्यास छापून आला, 6 हॉस्पिटलं, बायपासचे 1802 पेशंट, आणि त्यांच्यासाठी ख्रिस्ती प्रार्थना-गट 14 दिवस प्रार्थना करत होते. ज्यांना आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही हे पक्कं माहीत नव्हतं, त्यांच्यात ज्यांच्यासाठी झाली त्यातल्या 52 टक्क्यांना ऑपरेशननंतर काही ना काही त्रास झाला आणि ज्यांच्यासाठी नाही झाली त्यातल्या 51 टक्क्यांना. म्हणजे फरक जवळजवळ शून्य. आणि ज्यांना "तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होतेय" असं सांगितलं होतं त्यांच्यात 59! आता घरचे लोक आपापली प्रार्थना करतच होते, ती कोण थांबवणार, त्यामुळे यातून देव आहे की नाही हे काही निघत नाही. पण बटण दाबलं की लिफ्ट येते तसं प्रार्थनेचं होत नाही एवढं मात्र मान्य करायला हरकत नाही, आणि खरं सांगू का, येशूने तसं सांगितलंही नव्हतं. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात तो म्हणतो की तुम्ही मागायच्या आधीच पित्याला तुमची गरज माहीत असते. मग सांगायचं कशाला? तर ओळख राहावी म्हणून. आईला दिसत असतं पोराला भूक लागलीये तरी पोरगं स्वयंपाकघरात येऊन बोललेलं तिला हवंच असतं, तसं काहीसं मला वाटतं.

बरं, आता करायचं काय.

पहिलं म्हणजे भाषा बदला. डोळे मिटले की आपण एकदम शंभर वर्षं मागे जातो, "हे कृपाळू दयाळू सनातन पित्या, आम्ही तुजकडे येत आहोत". अरे, घरी असं बोलतो का कोणाशी? मंडळीसमोर ठीक आहे, एकट्याने करताना जे पोटात आहे ते घरच्या मराठीत बोला. राग आलाय तर राग. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले ते काय उगाच नाही, देवाला तू म्हणायचं आणि त्याच्याशी भांडायचं ही सवय आपल्या मातीतच आहे. आणि बायबलमध्येही आहे. स्तोत्रसंहितेतलं 13वं स्तोत्र काढा, जेमतेम 6 ओव्या, त्यातल्या पहिल्या दोन ओव्यांत "कोठवर?" हाच सवाल चार वेळा. 88वं तर अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया वगैरे काही नाही. आमचे पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे पाद्री, त्यावर उपदेश फारसा करत नाहीत हा भाग वेगळा.

दुसरं, आणि हे मला फार उशिरा कळलं. क्रूसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू आधी स्पष्ट मागतो की हा प्याला, म्हणजे समोरचं दुःख, माझ्यापासून दूर कर, आणि मग म्हणतो माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. आपण पहिला भाग गाळतो. सुरुवातीलाच "प्रभू तुझी इच्छा असेल तर" असं म्हणून मोकळे, म्हणजे नाही झालं तरी आपण सेफ, जाहिरातीत खाली बारीक अक्षरात अटी लागू लिहितात ना तसं. असं नका करू. काय हवंय ते नाव घेऊन मागा, वाईट वाटायचं तर वाटू दे, आणि मग सोडा. एकदा मागून झालं नाही तर परत मागा, मत्तयाने लिहिलंय त्याप्रमाणे येशूने तेच तीनदा मागितलं, प्रेषित पौलाने पण त्याच्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे त्याला छळणाऱ्या एका त्रासासाठी, तीनदा विनवणी केली, आणि दोघांनाही जे मागितलं ते मिळालं नाही. पौलाला उत्तर काय मिळालं तर माझी कृपा तुला पुरे. काटा तसाच.

शब्दच सुचत नसतील तर येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना घ्या, पण आगगाडीसारखी धडधडत म्हणू नका. एक ओळ म्हणा आणि थांबा. त्यात भाकर "रोजची" आहे आणि "आज" दे असं आहे, वर्षाचं पॅकेज नाही मागितलेलं. आणि आपण इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर या ओळीला ज्याचं नाव मनात येतं तिथे जरा जास्त थांबा, कारण तीच ओळ आपण सगळ्यात फास्ट म्हणतो.

दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना शेवटी स्वतःला विचारा की यात मी काय करू शकतो. ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकून संपवू नका, फोन करा, डबा न्या. पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन प्रार्थनेवर उभं होतं असं आपण अभिमानाने सांगतो, पण तिथे छापखाना होता, शेती होती, तेलाचा घाणा होता, आणि दुष्काळात बाई स्वतः मध्य प्रांतात जाऊन मुली घेऊन आल्या होत्या. त्याच रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 मध्ये त्यांच्या आधी गेली, पुढच्या वर्षी त्या गेल्या. तेव्हा कोणी तुम्हाला म्हणालं ना की "तुमचा विश्वास कमी पडला", तर त्याला एवढं सांगा. माझे वडील आयसीयूत असताना मला एका बाहेरून आलेल्या प्रचारकाने हॉस्पिटलच्या जिन्यात हेच वाक्य ऐकवलं होतं, मी गप्प बसलो, आज बसलो नसतो. आणि गोळ्या-औषधं बंद करून प्रार्थना करा असं सांगणारा भेटला तर त्याच्या प्रार्थनेला जाऊच नका, विषय संपला.

शेवटचं म्हणजे एक वही करा, दोनशे पानी साधी. तारीख, काय मागितलं, आणि बाजूला रिकामी जागा. फोनमध्ये नको, फोन उघडला की प्रार्थना रीलमध्येच संपते. पाच मिनिटं पुरतात. महिन्याने मागची पानं चाळलीत की गंमत कळते, काही गोष्टी झालेल्या असतात आणि आपण आभार मानायचेच विसरलेलो असतो, काही आपण आता मागतच नाही कारण त्या नकोशा झाल्यात, आणि काही तशाच. माझ्या वहीत बाबांच्या नावापुढची जागा अजून कोरीच आहे, मी तिथे काही लिहिलेलं नाही, पानही फाडलेलं नाही.